शेगडी, बंब आणि हवेची वाट : ग्वाल्हेरच्या हिवाळ्याची पार्श्वभूमी

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत पौष-माघाच्या दिवसांत शेगडी नुसती धुमसत राहते, बंब उलटा धूर सोडतो, किंवा शेकत बसलेल्यांचे डोके जड होते, तेव्हा दोष सहसा कोळशाला नाहीतर पेटवणाऱ्याला दिला जातो. या तक्रारींचा इतिहास पाहिला, तर कोळसा बराचसा निर्दोष ठरतो. बिघाड बहुतेक वेळा हवा आत येण्याच्या आणि धूर बाहेर जाण्याच्या वाटेत असतो, आणि ही वाट गेल्या दोनशे वर्षांत शेगडीपेक्षा घरांनीच अधिक बदलली आहे.

दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी दक्षिणेला स्थिरावली आणि तिच्यातूनच लष्कर हे शहर वाढले. दख्खनेतून आलेल्या कुटुंबांना इथला उन्हाळा एक वेळ सोसला असेल, पण हिवाळा नवा होता. जानेवारीत इथले किमान तापमान सरासरीने ७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि धुक्याच्या दिवसांत दुपारीही ऊब येत नाही. भिंती स्थानिक वालुकाश्माच्या, पण मधला चौक, भोवतीची ओसरी आणि फटी राहिलेली लाकडी दारे, अशी वाड्याची घडण त्यांनी बरोबर आणली होती. त्या घडणीत धुराडे नसलेली उघडी शेगडी खपून गेली, कारण धुराला चौक होता आणि ताज्या हवेला दाराच्या फटी होत्या.

थंड मुलखांतल्या लोकांनी हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनने १७४० च्या दशकात विस्तव लोखंडी पेटीत बसवला. स्वीडनमध्ये १७६७ साली क्रॉनस्टेट आणि व्रेडे यांनी धूर वळणावळणांनी फिरवून त्याची उष्णता विटांत साठवणारी भट्टी रचली. आणि १७९० च्या दशकात काउंट रम्फर्डने धुराड्याचा गळा अरुंद करून धूर खोलीत परतण्याची जुनी खोड मोडली. या तिघांतून एकच गोष्ट सिद्ध झाली, की उष्णता घरात ठेवायची तर धुराला स्वतंत्र वाट हवी.

आपल्याकडे ती वाट खोली तापवणाऱ्या शेगडीला मिळाली नाही, आंघोळीचे पाणी तापवणाऱ्या बंबाला मिळाली. तांब्याच्या उभ्या पिंपातून मधोमध नळी वर जाते, तळाशी जाळी असते, जाळीखाली राखेची जागा असते आणि नळीभोवती पाणी असते. घरगुती उपकरणांत इतकी शहाणी रचना क्वचितच आढळते, असे मला वाटते. नळीतून वर जाणारी धग जाता जाता पाण्याला देऊन टाकते आणि नळीच ओढ निर्माण करते. त्याचे बिघाडही या रचनेतूनच उद्भवतात. जाळीखालची राख उपसली नाही, तर खालून हवा येत नाही आणि धूर तोंडातून बाहेर पडतो. ओली लाकडे किंवा न वाळलेल्या गोवऱ्या घातल्या, तर उष्णता आधी त्यांतले पाणी वाळवण्यातच खर्च होते आणि नळीत चिकट काजळी धरते. विहिरीच्या जड पाण्याने आतून क्षारांचे पूट चढले, की तेवढ्याच पाण्याला जास्त लाकूड लागते. बंब रिकामा पेटवू नये, या घरातल्या धाकाचे कारण धातूच्या सांध्यांत आहे. अनेक बंबांचे सांधे कथील आणि शिशाच्या डाखाचे असत, आणि तो डाख दोनशे अंशांच्या आसपास वितळतो. पाणी असेपर्यंत पत्रा शंभर अंशांच्या फार पुढे जात नाही. पाणी नसले, की सांधा सुटतो आणि बंब तांबटाकडे न्यावा लागतो.

आग्रा-ग्वाल्हेर रेल्वे १८८१ मध्ये सुरू झाली आणि दूरच्या खाणींतला दगडी कोळसा या भागात पोहोचणे सोपे झाले. पुढे पत्र्याच्या बादलीला आतून माती थापून केलेली शेगडी उत्तर हिंदुस्थानातल्या शहरांत घरोघर दिसू लागली. तिची निगा साधी होती : हिवाळ्याआधी तडकलेले लिंपण काढून भुसा घातलेल्या मातीने ते पुन्हा करणे, वाकलेल्या सळ्या बदलणे, आणि पेटवण्याआधी खालचे तोंड मोकळे आहे की नाही ते पाहणे. कोळशाची भुकटी फेकून न देता शेण-मातीत मळून तिचे गोळे उन्हात वाळवत. माती जास्त झाली, तर ते गोळे पेटत कमी आणि राख जास्त करतात.

शेगडी गच्चीवर पेटवून धूर संपल्यावर आत आणण्याचा रिवाज याच काळातला, आणि सर्वांत फसवा तोच आहे. पेटलेल्या कोळशाच्या थरावर निळसर ज्योती नाचतात, तो तळच्या थरांत तयार झालेला कार्बन मोनॉक्साइड वायू जळत असतो. निखाऱ्यांवर राख चढली, हवा तुटली आणि ज्योती मावळल्या, की विस्तव निवळल्यासारखा दिसतो. पण तोच वायू आता न जळता खोलीत येतो आणि त्याला रंगही नसतो, वासही नसतो. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार याने १८५० च्या दशकात दाखवले, की हा वायू रक्तातील प्राणवायूची जागा अडवतो; रक्तातल्या हिमोग्लोबिनला त्याची ओढ प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक असते.

धुराविरुद्धची पुढची मोहीम स्वयंपाकघरात झाली. वर्ध्याच्या मगनवाडीत १९४० च्या दशकात धुराडे असलेली मगन चूल तयार झाली, १९५० च्या दशकात मुंबईत घरगुती सिलिंडर आले, आणि काही दशकांत लष्करातल्या घरांतलीही चूल गॅसवर गेली. ऊब घेण्याची शेगडी मात्र या सुधारणांतून वगळली गेली, कारण ती वर्षातून जेमतेम दोन महिने लागते. त्याच दशकांत लष्करातल्या दौलतगंज भागातले वाडे पडून सदनिका उठल्या, लाकडी दारांच्या जागी रबरी पट्टीच्या सरकत्या खिडक्या बसल्या, आणि चौकाच्या भरवशावर चाललेली शेगडी बंद खोलीत आली.

म्हणून आज शेगडी बिघडल्याची तक्रार आली, तर आधी राख, मग जाळी, मग इंधनाचा ओलावा आणि शेवटी खोली, या क्रमाने पाहावे. ज्यांनी पहाडी भागातल्यासारखी पत्र्याची बुखारी, म्हणजे धुराचा नळ असलेली बंद शेगडी, बसवून घेतली आहे, त्यांनी तिचा नळ गच्चीच्या कठड्याच्या वर काढावा, नाहीतर वारा धूर आत लोटतो. त्यातली काजळीही हंगामाच्या आधी एकदा आणि मध्ये एकदा झाडावी, कारण साचलेली काजळी नळातच पेट घेऊ शकते. धुराडे नसलेल्या शेगडीसाठी शेकताना दार उघडे ठेवावे, आणि झोपण्याआधी निखारे राखेखाली दडपून खोलीत न ठेवता शेगडीच गच्चीवर न्यावी.