बर्फ सुटला की ट्राउट काठाला का येतो?

अमेरिकेतल्या युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीच्या आग्नेयेला, समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटर उंचीवर स्ट्रॉबेरी नावाचा मोठा जलाशय आहे. हिवाळ्यात तो गोठतो आणि साधारण एप्रिलअखेर ते मेच्या मध्यापर्यंत मोकळा होतो. कॅलेंडरातला वसंत केव्हाच लागलेला असतो, पण गळ टाकणाऱ्यांचा वसंत बर्फाने काठ सोडला की सुरू होतो. उन्हाळ्यात खोल पाण्यात राहणारा ट्राउट हा मासा तेव्हा काठावर उभं राहून टाकलेल्या गळालाही लागतो. हिवाळाभर उपाशी असतो म्हणून येतो, हे उत्तर अर्धंच खरं. उरलेलं अर्धं पाण्याच्या स्वभावात आहे.

पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं. त्याहून गार झालं की ते हलकं होऊन वर येतं. त्यामुळे बर्फाखाली सगळा उलटा कारभार: वर शून्याच्या आसपासचं पाणी, तळाशी त्याहून ऊबदार. वरून बर्फाचं झाकण, त्यावर हिमाचा थर. हवा आत जात नाही, उजेडही फारसा नाही. तळाशी कुजणाऱ्या वनस्पती मात्र ऑक्सिजन खातच राहतात.

बर्फ जातानाही एकदम वितळत नाही. आधी पांढऱ्याचा करडा होतो, मग आतून उभ्या स्फटिकांत सुटा होतो, मेणबत्त्यांची जुडी उभी ठेवावी तसा. अशा वेळी फूटभर जाडीचा थरही पायाखाली दगा देतो. मग एखाद्या वाऱ्याच्या दिवशी तो फुटून विरतो. पुढे वरचं पाणी तापत तापत ४ अंशांपर्यंत आलं की वरखाली भेदच उरत नाही आणि वारा अख्खा जलाशय तळापर्यंत ढवळतो. ऑक्सिजन खाली जातो, तळातली पोषकद्रव्यं वर येतात. (आपली धरणं गोठत नाहीत, म्हणून हा वसंतातला खेळ आपल्याला दिसत नाही.)

मधलं पाणी असं गारठलेलं असताना उथळ, काळ्या चिखलाच्या खाडीत ऊन तळापर्यंत पोचतं आणि दुपारपर्यंत पाणी दोन-चार अंशांनी चढतं. आपल्याला हा फरक क्षुल्लक वाटेल. पण ट्राउटच्या अंगाचं तापमान पाण्याइतकंच असतं. गार पाण्यात त्याचं पचनही मंदावतं. त्यामुळे त्या दोन अंशांचं मोल मोठं. शिवाय शेवाळात कोळंबीच्या जातकुळीतले बारके जीव, डासांसारख्या माश्यांच्या अळ्या, क्रेफिश (गोड्या पाण्यातला नांगीवाला झिंगा) असं खाणंही काठालाच. वसंतात अंडी घालणारे मासे ओढ्यांच्या मुखांशी घुटमळतात, ते वेगळंच. मासेमारी पहाटेची, हा सर्वमान्य नियम इथे खुशाल मोडावा. दुपार बरी, आणि त्यातही वारा ज्या काठावर आदळतो तो काठ, कारण वरचं कोमट पाणी तिकडेच ढकललं जातं. आमिष मात्र हळू ओढायचं. गारठलेला मासा पाठलाग करत नाही.

गळाला लागतो तो बहुधा कटथ्रोट, जबड्याखाली लालसर-केशरी रेघा असलेला ट्राउट. तो इथे मुद्दाम आणलेला आहे. युटा चब आणि सकर या माशांनी जलाशय इतका व्यापला होता की ट्राउटच्या पिल्लांना सूक्ष्म प्राणी खायला उरेनात. शेवटी १९९० मध्ये राज्याच्या वन्यजीव विभागाने पाण्यात रोटेनोन सोडलं. वनस्पतींच्या मुळांतून मिळणारं हे द्रव्य माशांच्या पेशींचं श्वसनच बंद पाडतं. उपाय जालीम होता, पण चबला आवरणारा शिकारीच नसेल तर दुसरं काय करणार? नंतर बेअर लेक या सरोवरातल्या वाणाचा कटथ्रोट सोडला, कारण मोठा झाला की तो चब खातो. जोडीला इंद्रधनुषी ट्राउट सोडला तो वांझ, म्हणजे दोघांचा संकर होणार नाही.

म्हणूनच इथे १५ ते २२ इंचांचा, म्हणजे ३८ ते ५६ सेंटिमीटरचा कटथ्रोट लगेच परत सोडावा लागतो. चबवर पहारा ठेवणारी फौज तीच. हवा शून्याखाली असेल तर बाहेर काढलेल्या माशाच्या कल्ल्यांवरचं पाणी गोठून नाजूक पडदे दुखावतात, त्यामुळे जाणकार मोजपट्टी पाण्यातच लावतात आणि हात आधी ओले करून घेतात.