बोन स्कॅनमधला काळा डाग

बोन स्कॅन म्हणजे शिरेतून किरणोत्सर्गी औषध देऊन काढलेलं हाडांचं चित्र. त्यात काळा डाग दिसला की घरातले कर्करोग धरूनच चालतात. पण तो डाग एवढंच सांगतो की त्या जागी हाड नव्याने बांधलं जातंय. बरं होत असलेलं फ्रॅक्चर, संधिवात, जंतुसंसर्ग, कर्करोग, सगळ्यांत हे घडतं. उलट मल्टिपल मायलोमात (अस्थिमज्जेतल्या पेशींच्या कर्करोगात) हाड नुसतंच पोखरलं जातं, म्हणून तो स्कॅनमधून निसटू शकतो.

शिरेतून दिलं जाणारं औषध म्हणजे किरणोत्सर्गी टेक्नेशियम-९९एम जोडलेलं एमडीपी (हाडाला चिकटणारं संयुग), मोठ्यांना साधारण २० ते २५ मिलिक्युरी (किरणोत्सर्ग मोजायचं एकक). हाडाचं खनिज हायड्रॉक्सीॲपाटाइट. हाड जिथे नव्याने बनतं तिथे त्याचे स्फटिक बारीक असतात, म्हणजे चिकटायला पृष्ठभाग जास्त, आणि रक्तपुरवठाही वाढलेला. एमडीपीतले फॉस्फोनेट गट तिथेच धरून बसतात. मात्र जनरेटरमधून (टेक्नेशियम मिळवायच्या उपकरणातून) निघालेलं टेक्नेशियम +७ या ऑक्सिडीकरण अवस्थेत असतं, ते एमडीपीला जोडलं जात नाही. म्हणून एमडीपीच्या किटच्या बाटलीत कथिलाचा क्षार असतो, तो टेक्नेशियमचं क्षपण करतो, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देतो. बाटलीत हवा शिरली की कथिल आधीच ऑक्सिडाइज होतं, आणि मोकळं टेक्नेशियम थायरॉइड, लाळग्रंथी व जठरात चमकतं. तपासणी वाया जाते.

उपाशी राहावं लागत नाही. गरोदरपणाची शक्यता असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर इंजेक्शनआधीच सांगा. नंतर दोन ते चार तास थांबायचं, कारण रक्तात उरलेलं औषध लघवीवाटे जायला तेवढा वेळ लागतो. म्हणून चार-सहा ग्लास पाणी प्या (हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून). स्कॅनआधी लघवी करून या, भरलेल्या मूत्राशयामागे ओटीपोटाची हाडं झाकली जातात. कपड्यावर लघवीचा थेंब पडला तरी तो हाडातल्या डागासारखा दिसतो. इंजेक्शन शिरेबाहेर गेलं तर दंडावरही खोटा डाग उमटतो.

गॅमा कॅमेरा अगदी अंगाजवळ येतो. तो किरण सोडत नाही, तुमच्या शरीरातून येणारे १४० किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे किरण टिपतो. साधारण अर्धा तास निश्चल पडून राहायचं. सोबत सीटी जोडलं तर एक्स-रेचा डोस वेगळा.

टेक्नेशियमचं अर्धायुष्य सहा तासांचं, म्हणजे दर सहा तासांनी ते निम्मं होतं. लघवीवाटे जाणारं हिशोबात धरलंच नाही, तरी २४ तासांत सोळावा हिस्सा उरतो. तेवढा दिवस तान्ह्या मुलांना फार वेळ मांडीवर घेऊ नका, संडासात दोनदा पाणी सोडा. ‘रेडिएशन काढणारे’ काढे आणि पावडरी विकल्या जातात, त्यांच्यावर पैसे घालवू नका. किरणोत्सर्गी क्षय कुठल्याही काढ्याने लवकर होत नाही.