मालवणचं सागरी अभयारण्य: आधीची मोजणी कुठे आहे?

१३ एप्रिल १९८७ रोजी मालवणचा समुद्र कागदोपत्री अभयारण्य झाला. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि भोवतालची खडपं धरून सुमारे २९ चौरस किलोमीटरचं क्षेत्र, त्यात गाभा जेमतेम ३ चौरस किलोमीटरचा. जागेची निवड चुकीची नव्हती. १९७९ मध्येच गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी पश्चिम किनाऱ्यावर ठिकठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याचं नोंदवलं होतं आणि मालवणची खडपं जीवसृष्टीने भरलेली आहेत हे अभ्यासकांना ठाऊक होतं. जातींच्या याद्याही होत्या. पण यादी म्हणजे मोजणी नव्हे. किती चौरस मीटरमागे किती प्रवाळ, किती मासे, केवढ्या आकाराचे, आणि त्या पाण्यावर किती चुली पेटतात, याची घोषणेच्या दिवसापासून सलग चाललेली नोंद मालवणच्या वाट्याला आली नाही. मच्छीमारांनी सुरुवातीपासून विरोध केला, अंमलबजावणी रखडली. म्हणून आज ‘अभयारण्यामुळे काय फरक पडला?’ असं विचारलं तर तुलना कशाशी करायची, इथेच गाडं अडतं.

आधीची नोंद हाती असली की काय होतं, ते फिलिपिन्समधल्या सुमिलॉन बेटाने दाखवलं. एंजल अल्काला या शास्त्रज्ञाच्या पुढाकाराने १९७४ मध्ये बेटाभोवतीच्या खडकांचा एक भाग मासेमारीला बंद झाला. १९८४ मध्ये ते संरक्षण मोडलं आणि बंद भागातही जाळी पडू लागली. मासेमारीला जास्त जागा मिळाली, तरी पकड वाढण्याऐवजी जवळपास निम्म्यावर आली. बंद भागातले मासे बाहेरच्यांचंही पोट भरत होते, हे जुने आकडे वहीत होते म्हणूनच सिद्ध करता आलं. आधी आणि नंतर, आत आणि बाहेर, अशी चार टोकं धरल्याशिवाय हे मोजमाप पुरं होत नाही.

आत-बाहेरची तुलनाही वाटते तितकी सरळ नाही. २०१४ मध्ये जगभरातल्या ८७ संरक्षित सागरी क्षेत्रांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. संपूर्ण मासेमारीबंदी, कडक अंमलबजावणी, दहा वर्षांहून जास्त वय, १०० चौरस किलोमीटरहून मोठा विस्तार आणि खोल पाण्याने किंवा वाळूने इतर खडकांपासून तुटलेलं असणं, हे पाच गुण त्यात तपासले होते. ज्या क्षेत्रांत यांतले एक-दोनच गुण होते, ती आजूबाजूच्या मासेमारीच्या पाण्यापेक्षा वेगळी दिसलीच नाहीत. मालवणकडे त्या पाचांपैकी वय सोडलं तर काय आहे? हा प्रश्न मला बोचतो, कारण फरक दिसला नाही तर खापर समुद्रावर किंवा मच्छीमारांवर फुटतं.

माणसांचं मोजमाप तर त्याहून मागे राहिलं. खरं म्हणजे वन्यजीव कायद्यात १९९१ च्या दुरुस्तीने स्पष्ट लिहिलं गेलं, की किनाऱ्यालगतचा समुद्र अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाच्या हिताचं रक्षण करायला हवं. ते झालं की नाही, हे कुठल्या आकड्यावरून ठरवायचं? २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने अशा क्षेत्रांसाठी ४२ निकष मांडले. त्यांतले निसर्गाचे फक्त १०. उरलेले ३२ लोकांची उपजीविका, समज, हक्क आणि कारभार यांचे.

हे मालवणात मोजायचं तर रापणीपासून सुरुवात करावी. होडीतून जाळं अर्धगोलात टाकतात आणि दोन्ही टोकांचे दोर घेऊन माणसं वाळूत पाय रोवून ओढत राहतात. किनाऱ्यावर प्रश्न एकच असतो, ‘काय गावला?’ बांगडा असो, तारली असो की पेडवे, जाळ्याचा, होडीचा आणि हातांचा वाटा ठरलेला असतो. मग टोपल्या बायकांच्या डोक्यावर चढतात आणि बाजाराकडे निघतात. बंदरावर उतरलेल्या मासळीचा अंदाज केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्था बांधते, पण मासा अभयारण्याच्या आत लागला की बाहेर, आणि कुणाचा वाटा किती घटला, हे त्या टनांतून कळत नाही.

त्यात कारणं एकमेकांत गुंतलेली. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीन मासेमारीवर, म्हणजे यांत्रिक बोटीतून मोठ्या जाळ्याने अख्खा थवा वेढून पकडण्यावर, निर्बंध घातले. त्यानंतर रापणीला बांगडा जास्त लागला, तर श्रेय अभयारण्याचं, या निर्बंधांचं की त्या वर्षीच्या पाण्याचं? पर्यटनाचंही तसंच. स्नॉर्कलिंग आणि डायव्हिंगने मालवणातल्या अनेक घरांत पैसा आला, आणि पर्यटकांच्या हातापायांनी प्रवाळ मोडत असल्याचं अभ्यासकांनी नोंदवलं. वेंगुर्ल्यात बचत गटाच्या बायका कांदळवनाची सफर घडवू लागल्या, ही माझ्या मते हिशेबात ठळक धरावी अशी गोष्ट आहे. डायव्हिंगचा पैसा मात्र बोटवाल्याकडे गेला की रापणीवर दोर ओढणाऱ्याकडेही पोचला, हे घरोघर विचारल्याशिवाय समजणार नाही.

कोकणाला मोजता येतच नाही, असं मात्र नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांसोबत कासवांची घरटी राखली ती मोजूनच: घरटी किती, अंडी किती, समुद्रात गेलेली पिल्लं किती. आणि डिसेंबर २०१८ पासून राज्यात एक योजना आहे. जाळ्यात कासव किंवा दुसरा संरक्षित प्राणी अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी तो सुटकेचा फोटो काढतो. कापलेलं जाळं, सुटलेला प्राणी, मच्छीमाराचं नुकसान आणि त्याला मिळालेली रक्कम: हे सगळं त्या एका अर्जात येतं.