नोटबुकची देवघेव: सामायिक फोल्डरपासून सामायिक सेवेपर्यंत

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतल्या काही महाविद्यालयांनी पायथनच्या प्रात्यक्षिकांसाठी मिळून एकच ज्युपिटरहब (अनेकांना ब्राउझरमधून नोटबुक वापरू देणारा सामायिक सर्व्हर) चालवायचे ठरवले, तेव्हा सर्व्हर कोठे ठेवायचा आणि खर्चाची वाटणी कशी करायची यांवरची चर्चा लवकर आटोपली. असाइनमेंट विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवायची कशी आणि सोडवलेली नोटबुक, म्हणजे कोड, आउटपुट आणि मजकूर एकत्र असलेली फाइल, त्याच विद्यार्थ्याच्या नावावर परत घ्यायची कशी, हा प्रश्न मात्र चिघळत राहिला. त्यासाठी आता सर्वांची मिळून एक देवघेव-सेवा उभी होत आहे. फोल्डरवर भागत असताना वेगळ्या सेवेचा घाट कशासाठी, असे नव्याने सामील होणारे शिक्षक विचारतात, म्हणून ही पार्श्वभूमी.

आपल्याकडे प्रात्यक्षिक म्हटले की जर्नल. कोड हाताने उतरवायचा, आउटपुटची छापील प्रत चिकटवायची, दर आठवड्याला सही घ्यायची आणि सत्राअखेर प्रमाणपत्राच्या पानावर विभागप्रमुखांची सही झाल्याशिवाय बाहेरच्या परीक्षकांसमोर जायचे नाही, ही रीत नोटबुक आल्यावरही काही वर्षे तशीच होती. जर्नलमध्ये एक गोष्ट आपोआप सिद्ध होत असे: वही कोणाची आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि ही सोय संपली. पेन ड्राइव्हची जागा ईमेलने आणि व्हॉट्सॲपने घेतली, रेंज मिळवण्यासाठी मुले सड्यावर जाऊन बसू लागली आणि शिक्षकांच्या फोनमध्ये ‘असाइनमेंट फायनल’ या एकाच नावाच्या असंख्य फाइली साठल्या. कोणती फाइल कोणाची आणि कोणती शेवटची, हे ठरवण्यात गेलेला वेळ तपासणीला लागलेल्या वेळेपेक्षा कमी नसावा. त्यात एकच शिक्षक खाडीच्या दोन्ही तीरांवर तासिका घेतो, अशीही उदाहरणे आहेत. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीने काही मिनिटांत जाता येते, पण बोट बंद असली की चिपळूणकडून वळसा पडतो. अशा ठिकाणी ‘मुलांनी लॅबमधल्या मशीनवर येऊन फाइल ठेवावी’ ही अपेक्षा मुळातच टिकणारी नव्हती.

ज्युपिटरचे पूर्वरूप असलेले आयपायथन २००१ चे, ब्राउझरमधली नोटबुक २०११ च्या अखेरची आणि ज्युपिटर हे नाव २०१४ चे. ही वंशावळ येथे उगाळण्याचे कारण नाही. आपल्या प्रश्नाचे मूळ एनबीग्रेडर या असाइनमेंट तपासण्याच्या साधनात आहे. शिक्षकाने उत्तरांसह एक नोटबुक लिहायची, साधनाने उत्तरे गाळून विद्यार्थ्यांसाठी प्रत काढायची, आणि सोडवून आलेल्या प्रतींवर चाचण्या चालवून गुण मांडायचे, हे त्याचे काम सर्वांना परिचित आहे. हे साधन घडले त्या वेळी डोळ्यांसमोर असलेली व्यवस्था मात्र फारशी कोणी लक्षात घेत नाही. विभागात एक लिनक्स मशीन आहे, वर्गातल्या प्रत्येकाचे त्या मशीनवर स्वतःचे खाते आहे आणि सगळे एकाच डिस्कवर काम करतात, असे त्यात गृहीत धरलेले होते.

या गृहीतकावर जी देवघेवीची पद्धत बसवली गेली, ती तिच्या जागी खरोखर हुशारीची आहे. सर्वांना लिहिता येईल असे ‘एक्स्चेंज’ नावाचे एक मुख्य फोल्डर, त्यात प्रत्येक कोर्सचे एक फोल्डर, आणि कोर्सच्या आत आउटबाउंड, इनबाउंड आणि फीडबॅक असे तीन कप्पे. आउटबाउंडमधले सर्वांना वाचता येते. इनबाउंडला ७३३ अशी परवानगी असते, म्हणजे विद्यार्थी आत फाइल टाकू शकतो, पण आत काय काय पडले आहे याची यादी पाहू शकत नाही. टपालपेटीचाच हा प्रकार: पत्र टाकता येते, पेटी उघडता येत नाही. फीडबॅकच्या कप्प्याची यादीही विद्यार्थ्याला दिसत नाही. तेथे फाइलीच्या नावात हॅश (नोटबुकच्या मजकुरावरून काढलेला संकेत) असते आणि ज्याच्याकडे ती नोटबुक आहे, त्यालाच आपल्या फाइलीचे नाव काढता येते. विद्यार्थ्याला स्वतःच्या स्क्रीनवर ‘सबमिट झाले’ म्हणून जी यादी दिसते, ती तर पेटीतली नसतेच. त्याच्याच होम फोल्डरमध्ये ठेवलेल्या नकलांवरून ती तयार होते. पोच नसलेले हे टपाल आहे, आणि ‘मी सबमिट केले होते, सर’ या वाक्यावरून झालेल्या पुष्कळशा वादांचे मूळ येथे आहे.

शब्दांच्या गोंधळाचीही नोंद घेतली पाहिजे, कारण जुन्या सूचना अजून फिरत आहेत. एनबीग्रेडरच्या आधीच्या आवृत्त्यांत ‘असाइन’ ही आज्ञा विद्यार्थ्यांची प्रत काढून ‘रिलीज’ नावाच्या फोल्डरात ठेवत असे, आणि ‘रिलीज’ ही आज्ञा त्या फोल्डरातून प्रत उचलून आउटबाउंडमध्ये टाकत असे. म्हणजे रिलीज फोल्डरात असलेली असाइनमेंट अजून रिलीज झालेली नसे. २०१९ च्या ०.६ आवृत्तीत आज्ञांची नावे बदलली, पहिलीला ‘जनरेट असाइनमेंट’ आणि दुसरीला ‘रिलीज असाइनमेंट’ म्हणू लागले, पण फोल्डरचे नाव होते तेच राहिले. मराठीत यावर आणखी एक थर चढला. रिलीजला ‘सोडणे’ म्हणायची सवय लागली, आणि मग ‘सरांनी असाइनमेंट सोडली’, ‘त्याने असाइनमेंट सोडवली’ आणि ‘तिने असाइनमेंट सोडून दिली’ ही तीन वाक्ये फोनवरून ऐकताना कोण काय म्हणाले हे कळेनासे झाले. एक्स्चेंजचेही तेच, ज्येष्ठ लिपिकांना त्यावरून अजून टेलिफोनच आठवतो. म्हणून या नोंदीत ‘प्रसृत करणे’ आणि ‘देवघेव’ हे शब्द धरले आहेत.

खरी अडचण हब अनेक मशीनवर पसरल्यावर आली. सामायिक हब कुबरनेटिसवर, म्हणजे अनेक मशीनवर कामे वाटून देणाऱ्या प्रणालीवर, चालतो. विद्यार्थी लॉगिन झाला की त्याच्यासाठी एक स्वतंत्र कंटेनर (इतरांपासून वेगळा ठेवलेला छोटा संगणकीय कप्पा) उभा राहतो, तो कोणत्या मशीनवर असेल हे आधी सांगता येत नाही, आणि एका कंटेनरची डिस्क दुसऱ्याला दिसत नाही. त्यामुळे देवघेवीचे फोल्डर आपोआप सामायिक राहत नाही. याहून मोठी गोष्ट अशी, की कंटेनरच्या आत प्रत्येक जण ‘जोव्यान’ असतो. गुरू ग्रहाचा रहिवासी अशा अर्थाचे हे गमतीचे नाव प्रमाण कंटेनरांमध्ये पूर्वीपासून आहे आणि त्याचा वापरकर्ता क्रमांक १००० असतो. देवगडची विद्यार्थिनी जोव्यान, चिपळूणचा विद्यार्थी जोव्यान आणि शिक्षकही जोव्यान. वर सांगितलेल्या परवानग्या ‘मालक’ आणि ‘इतर’ या भेदावर उभ्या आहेत. सगळेच मालक झाले की टपालपेटीला कुलूप राहत नाही.

येथेच सर्वांत वादग्रस्त निर्णय घेतला गेला. नेटवर्कवरून सर्व मशीनना दिसणारे, एनएफएस म्हणतात तसले एक फोल्डर जोडायचे आणि जुनीच पद्धत चालू ठेवायची, असे पहिल्या टप्प्यात ठरले. त्यामागची कारणे क्षुल्लक नव्हती: शिक्षकांना नवे काही शिकावे लागत नव्हते, अभ्यासक्रम सुरू झालेला होता आणि सेवा लिहिण्याइतकी माणसे कोणाकडेच नव्हती. पण एनबीग्रेडर नोटबुक गोळा करताना एक पडताळणी करते. फोल्डरच्या नावात ज्या विद्यार्थ्याचे नाव आहे, तोच लिनक्सच्या नोंदीप्रमाणे त्याचा मालक आहे का, हे ती पाहते, आणि नसल्यास ही लबाडी तर नाही ना, असा इशारा देते. नव्या व्यवस्थेत प्रत्येक फोल्डरचा मालक एकच, जोव्यान. त्यामुळे हा इशारा प्रत्येक विद्यार्थ्यासाठी येऊ लागला. पडताळणी बंद करण्याची सोय सेटिंगमध्ये आहे, आणि ती बंद केली गेली.

या एका ओळीच्या बदलाला तात्पुरती तडजोड म्हणणारे आजही आहेत. माझ्या मते ती तडजोडीपलीकडे गेली होती, कारण त्या ओळीने देवघेवीतून विद्यार्थ्याची ओळखच काढून टाकली. ज्याला टर्मिनल उघडता येते, असा कोणीही दुसऱ्याच्या नावाचे फोल्डर इनबाउंडमध्ये ठेवू शकत होता आणि आत पडलेली इतरांची उत्तरे वाचू शकत होता. सबमिशनची वेळही विद्यार्थ्याच्याच कंटेनरमधून लिहिली जात होती. आमची मुले तसली नाहीत, हा युक्तिवाद बैठकांत झाला आणि तो मनापासून होता, पण जर्नलवर सही घेतानाही आपण मुलांवर अविश्वास दाखवत नव्हतो, नोंद ठेवत होतो. प्रत्येकाला वेगळा वापरकर्ता क्रमांक देऊन कंटेनर चालवण्याचा पर्यायही सुचवला गेला. तो अशक्य नाही. मात्र पारंपरिक मांडणीतले एनएफएस समोरचे मशीन सांगेल तो क्रमांक खरा मानते, आणि हजेरीपटावरच्या बदलांबरोबर हे क्रमांक सर्व महाविद्यालयांसाठी जुळवत बसणे हे कायमचे काम होऊन बसले असते.

दरम्यान ज्युपिटरच्या जगात हीच अडचण इतरांनाही आली होती. २०२० मध्ये अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांच्या एका गटाने एनजीशेअर नावाची सेवा लिहिली. त्यात फोल्डर नाही. हबच्या शेजारी एक छोटा वेब सर्व्हर चालतो, कोर्स, विद्यार्थी आणि सबमिशन यांच्या नोंदी डेटाबेसमध्ये राहतात, आणि विद्यार्थ्याच्या कंटेनरमधले एनबीग्रेडर फाइल कॉपी करण्याऐवजी या सर्व्हरला विनंती पाठवते. विनंतीबरोबर हबने त्या कंटेनरला दिलेले टोकन, म्हणजे ओळखीची गुप्त खूण, जाते, सर्व्हर ते हबकडे तपासतो, आणि हब सांगतो की हे अमुक विद्यार्थ्याचे आहे. कंटेनरच्या आत तो जोव्यान असला तरी हबला त्याचे खरे नाव ठाऊक असते. शिवाय सबमिशनवर वेळेचा शिक्का सर्व्हर मारतो, आणि तो उत्तरात परतही येतो. पोच मिळाली.

हे जोडणे सोपे व्हावे म्हणून एनबीग्रेडरमध्येही बदल झाला. देवघेवीचा भाग सुटा करण्यात आला आणि त्या जागी दुसरी पद्धत बसवता येऊ लागली. प्रसिद्ध आवृत्तीत ही सोय २०२२ च्या ०.७ मध्ये आली. त्याआधी, २०२१ च्या डिसेंबरात, ज्युपिटरहबच्या २.० आवृत्तीने अधिकारांची नवी रचना आणली होती. सेवेपर्यंत पोहोचण्याचा अधिकार त्यात स्पष्टपणे द्यावा लागतो. हब अद्ययावत केल्यावर सेवा बंद पडल्यासारखी का वाटते, याचे उत्तर बहुधा या नेमणुकीत सापडते, हे व्यवस्थापकांनी ध्यानात ठेवावे.

सर्व्हर कोठे असावा, यावर २०२१ नंतर फारसा वाद उरला नाही. त्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले आणि २२ जुलैला चिपळुणात पुराचे पाणी शिरले. तळमजल्यावरच्या लॅबमध्ये सर्वांचे सबमिशन ठेवावे, असे त्यानंतर कोणी सुचवले नाही. हब आणि सेवा दोन्ही भाड्याच्या क्लाउडवर आहेत, आणि डेटाबेसची प्रत रोज वेगळ्या ठिकाणी जाते.

सेवा सामायिक करताना काही साधे नियम करावे लागले. दोन महाविद्यालयांचे ‘पायथन १’ एकमेकांत मिसळू नये म्हणून कोर्सच्या नावाआधी महाविद्यालयाचे लघुनाव लागते. विद्यार्थ्यांची यादी सेवेत घालण्याचे काम त्या त्या शिक्षकाचे आहे, आणि यादीत नाव नसलेल्याला असाइनमेंट दिसत नाही. प्रवेश उशिरापर्यंत चालतात, तेव्हा पहिल्या पंधरवड्यात ही तक्रार येणारच. जुने एनएफएस फोल्डर चालू सत्राचे निकाल लागेपर्यंत फक्त वाचण्यापुरते ठेवले जाईल. सर्वांत जास्त वेळ गेला तो मुदतीच्या घटकेवर. रात्री बाराची मुदत सगळीकडे रूढ आहे, पण पावसाळ्यात संध्याकाळी वीज गेली की सकाळपर्यंत येईलच असे नाही, आणि मध्यरात्री फोन उचलायला कोणी नसते. म्हणून सामायिक कोर्सच्या मुदती दुपारी बाराला संपतील, आणि जून ते सप्टेंबर या काळात त्यापुढचे चोवीस तास आलेल्या सबमिशनवर उशिराची खूण पडली तरी गुण कापले जाणार नाहीत.