घशाखाली जठराचा तुकडा

आवंढा गिळताना घशात काहीतरी अडकलंय असं वाटतं, पण जेवताना घास मात्र सुरळीत उतरतो. अशी तक्रार असलेल्या बहुतेकांच्या घशात काहीच सापडत नाही. एखाद्याच्या अन्ननलिकेच्या अगदी वरच्या टोकाला मात्र केशरट-गुलाबी, मखमली डाग दिसतो. भोवतीचं अस्तर फिकट, मोतिया झाक असलेलं, त्यामुळे डागाची कड रेखून काढल्यासारखी उठून दिसते. बायोप्सी केली की कळतं, हे तर जठराचं अस्तर! पुढच्या दातांपासून जेमतेम १६ ते २० सेंटीमीटरवर. खरं जठर तिथून चांगलं वीतभर खाली असतं.

याला इनलेट पॅच म्हणतात. त्याची पहिली नोंद १८०५ सालची.

जठराचं अस्तर इथे आलं कसं? सर्वाधिक मान्य उत्तर गर्भावस्थेत सापडतं. गर्भाच्या अन्ननलिकेला सुरुवातीला उभट पेशींचं अस्तर असतं. पुढे त्या जागी चपट्या पेशींचे थर येतात. हा बदल नळीच्या मध्यावर सुरू होतो आणि वर-खाली पसरत जातो. वरच्या टोकाला तो सगळ्यात शेवटी पोचतो. तिथे एखादा ठिपका सुटला, तर तो पुढे जठरासारखा घडतो. घर रंगवताना माळ्याजवळचा कोपरा राहून जावा, तसंच हे. छातीत जळजळणाऱ्यांमध्ये आढळणारं बॅरेट अन्ननलिका हे प्रकरण वेगळं: त्यात अस्तर बदलतं ते खालच्या टोकाला, वर येणाऱ्या आम्लामुळे, जन्मानंतर.

किती जणांत असतो? एंडोस्कोपीच्या वेगवेगळ्या पाहण्यांत हा आकडा ०.१ पासून १० टक्क्यांपर्यंत जातो. एवढी तफावत माणसामाणसांतली नसावी, बघणाऱ्यांमधली असावी. इथला झडपेसारखा स्नायू एरवी आवळलेला असतो, दुर्बीण तिथून झटकन पुढे सरकते. बाहेर काढताना ती सावकाश ओढली, तरच डाग नजरेस पडतो.

काही डागांतल्या पेशी चक्क आम्ल तयार करतात. मग सतत खाकरणं, आवाज बसणं, कधी गिळायला त्रास. फार क्वचित तिथे व्रण होतो किंवा नळी अरुंद होते. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी काहींना बरं वाटतं, नाहीतर आर्गॉन वायूच्या साहाय्याने डाग जाळता येतो. कर्करोग झाल्याची उदाहरणं आहेत, पण अत्यंत दुर्मीळ. बहुतेकांना हा डाग काहीच त्रास देत नाही, आणि त्रास नसेल तर उपचारही लागत नाहीत.