“समितीचा काय?” या प्रश्नानंतरचे प्रश्न

बेळगावात उमेदवाराची चौकशी बरीच वर्षं एका प्रश्नात उरकायची. “समितीचा काय?” हो म्हटलं की विषय संपला.

1956 च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव, खानापूर, निपाणी हा पट्टा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून, हा पट्टा महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीसाठी इथली निवडणूक म्हणजे सार्वमतच. मतमोजणीत मराठी मतं किती पडली, ते दिल्लीला दाखवायचं. मग उमेदवार किती शिकलाय, कोर्टात त्याचं काय चाललंय, असलं विचारणारा माणूस एकीत फूट पाडणारा ठरायचा. गल्लीतल्या पंचांनी चिन्ह सांगितलं की शिक्का तिथेच. आमच्या घरात तरी मी दुसरं काही ऐकलं नाही.

1996 च्या लोकसभेला याचं टोक गाठलं गेलं. बेळगाव मतदारसंघात 456 उमेदवार! सीमाप्रश्नाकडे लक्ष वेधायला समितीच्या हाकेवरून लोकांनी अर्ज भरले होते. यातला कोण कसा, हे मतदाराने बघावं अशी अपेक्षाच नव्हती. नावांचा ढीग हाच निषेध. त्याच वर्षी आंध्रात नलगोंडा लोकसभेला 480, तर तमिळनाडूत मोडाकुरिची विधानसभेला 1033 जण उभे होते.

दिल्लीचं लक्ष गेलं, पण भलतीकडे. त्याच वर्षी लोकप्रतिनिधित्व कायदा बदलला. लोकसभेचं खुल्या गटातलं डिपॉझिट 500 रुपयांवरून 10,000 झालं (पुढे 2010 पासून 25,000) आणि अपक्षाला एका सूचकाऐवजी, म्हणजे नाव सुचवून अर्जावर सही करणाऱ्या मतदाराऐवजी, दहा सूचक लागू लागले. सीमाप्रश्न होता तिथेच राहिला.

उमेदवाराची माहिती मागण्याची गोष्ट सुरू झाली ती इथून लांब, अहमदाबादच्या आयआयएममधल्या प्राध्यापकांपासून. त्यांनी असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था काढली आणि 1999 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याचिका टाकली. मागणी साधी होती: उमेदवारावरचे गुन्हे, त्याची मालमत्ता, त्याचं शिक्षण मतदाराला कळू द्या. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2 मे 2002 ला निकाल मतदाराच्या बाजूने लागला. मग एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष एक झाले. आधी वटहुकूम, मग कायद्यात 33ब हे नवं कलम: न्यायालय काहीही म्हणो, कायद्यात आहे त्यापेक्षा जास्त माहिती उमेदवाराने देण्याची गरज नाही. 13 मार्च 2003 ला न्यायालयाने ते कलमच रद्द केलं. आज अर्जासोबत जोडावं लागणारं शपथपत्र, म्हणजे फॉर्म 26, त्या निकालावर उभं आहे.

फटी मात्र राहिल्याच. अडचणीचा रकाना कोरा सोडायची पळवाट 2013 च्या निकालाने बंद केली. 2018 मध्ये उत्पन्न कुठून येतं तेही लिहायला लागलं. त्याच वर्षी गुन्ह्यांची माहिती वर्तमानपत्रांत छापायचा आदेश आला. 2020 पासून पक्षालाही सांगावं लागतं की गुन्हे असलेला माणूस का निवडला, दुसरा का मिळाला नाही. त्याची उत्तरं एकदा वाचाच. जो तो ‘लोकप्रिय’ आणि ‘सेवाभावी’.

इकडे याच काळात समितीला तडे जात होते. 2008 ला विधानसभेत एकही आमदार नाही, 2013 ला दोन, 2018 ला पुन्हा शून्य. 2018 ला तर गट दोन आणि उमेदवारही समोरासमोर, त्यामुळे जुन्या प्रश्नापुढे “कुठल्या समितीचा?” हा नवा प्रश्न आला. 2019 च्या लोकसभेला समितीने पुन्हा बरेच उमेदवार उभे केले आणि रिंगणातला एकूण आकडा पन्नासच्या वर गेला. एका बॅलट युनिटवर 16 नावं मावतात, म्हणजे मतदान केंद्रात चार युनिटं मांडावी लागली. पण 1996 सारखा दणका बसला नाही. 2021 च्या पोटनिवडणुकीत समितीने एकच तरुण उमेदवार दिला तेव्हा लाखाहून अधिक मतं पडली. म्हणजे माणूस बघून मत द्यायला लोक तयार होते, असं माझं मत.

शपथपत्र निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीत फलकावर लागतं, निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आणि मोबाईल ॲपवरही मिळतं. खरं-खोटं मात्र तिथे कोणी तपासत नाही. खोटी माहिती दिली तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 125अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, पण आधी कुणीतरी तक्रार करायला हवी. शिवाय आमच्याकडे हाती येतो तो कागद बहुतेकदा कन्नड नाहीतर इंग्रजीत.

2023 च्या विधानसभेआधी खानापूरकडच्या माझ्या काकांना मी मोबाईलवरून असाच एक कागद वाचून दाखवला. शेतजमिनीच्या रकान्यात सर्व्हे नंबर, क्षेत्र, खरेदी की वारसा, घेतली त्या दिवशीची किंमत, सगळं असतं. बँकेतल्या ठेवींचे आकडे काकांनी ऐकून सोडून दिले. सर्व्हे नंबर आला तसे ते सरळ बसले.

“परत वाच.”

वाचला. “वारसाने मिळालेली” असं पुढे लिहिलं होतं.

“वारसा कुठला रे? ती आमच्या शेजारची जमीन. सात-आठ वर्षांमागं घेतली की त्याने. बांध मोजताना मीच होतो तिथं.” मग चष्मा पुसत म्हणाले, “समितीवाल्याचा पण कागद असतोय काय? तो काढ बघू.”