पी. बाळू म्हणजे कोण?

शंभरएक वर्षांपूर्वीच्या क्रिकेटच्या धावफलकांत पी. बाळू, पी. शिवराम, पी. गणपत आणि पी. विठ्ठल अशी चार नावं भेटतात. सूचीकाराची नेहमीची रीत लावली तर ‘बाळू’ हे आडनाव ठरतं आणि ‘पी.’ हे नावाचं आद्याक्षर. प्रत्यक्षात ‘पी.’ म्हणजे पालवणकर, आणि हे चौघे सख्खे भाऊ. वर्णानुक्रमे लावलेल्या सूचीत ते चार ठिकाणी विखुरतात आणि त्यांचं नातं कुठेच नोंदलं जात नाही. बरं, ‘पी.’ म्हणजे आडनाव असा नियम करून टाकावा, तर १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावलेले पी. डी. चौगुले आडवे येतात. त्यांचा ‘पी.’ फडेप्पा या नावातला.

खेळांच्या जुन्या कागदांची आणि छायाचित्रांची सूची करताना येणाऱ्या अशा गुंत्यासाठी ‘लिंक्ड डेटा’ (एकमेकांना जोडलेली माहिती) ही पद्धत कामाला येते. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी २००६ साली तिची सूत्रं मांडली. प्रत्येक व्यक्तीला, जागेला, घटनेला स्वतःचा एक वेब-पत्ता द्यायचा. तो उघडला की यंत्रालाही वाचता येईल अशी माहिती मिळाली पाहिजे. आणि त्या माहितीत इतरांच्या पत्त्यांचे दुवे असले पाहिजेत. माहिती लिहायची ती तीन तुकड्यांच्या छोट्या विधानांत: ‘बाळू – भाऊ – विठ्ठल’. बाळूंचं नाव किती प्रकारे लिहिलं गेलंय याला मग महत्त्व उरत नाही. सगळी रूपं एकाच पत्त्याला चिकटवायची.

पुण्यापुरतं बोलायचं तर ‘पूना’ हा शब्दच घ्या. जुन्या इंग्रजी कागदांत तो शहरासाठी येतो, क्लबांच्या नावांत येतो, आणि एकोणिसाव्या शतकात इथले गोरे अधिकारी खेळत त्या बॅडमिंटनलाही ‘पूना’च म्हणत. शब्द शोधणारं यंत्र तिन्हींची सरमिसळ करणार. विकिडेटा या खुल्या माहितीकोशात पुणे शहराचा ओळखक्रमांक क्यू १५३८ आहे. तो जोडला की कागदावर पूना लिहिलेलं असो वा पुणे, शहर तेच. क्लब आणि खेळ यांचे क्रमांक वेगळे.

संग्रहातल्या वस्तूंपेक्षा घटनेला मध्यभागी ठेवणं हा या पद्धतीतला मला सर्वांत आवडणारा भाग. डिसेंबर १९४८मध्ये पूना क्लबच्या मैदानावर भाऊसाहेब निंबाळकरांनी महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. ब्रॅडमन यांच्या नाबाद ४५२च्या विक्रमाला नऊच धावा कमी असताना काठियावाडनं सामना सोडून दिला. (पुणेकर क्रिकेटशौकिनांची हळहळ अजून संपलेली नाही.) या सामन्याची धावपुस्तिका एकीकडे, छायाचित्र दुसरीकडे आणि वर्तमानपत्राचं कात्रण तिसरीकडे असेल, तर तिन्ही एका छताखाली आणण्याचा खटाटोप नको. प्रत्येक संस्थेनं आपल्या वस्तूपुढे त्या सामन्याचा पत्ता लिहिला की पुरे. संघाच्या नावापुढे काळही लिहावा लागतो, कारण निंबाळकर बडोदा, होळकर आणि रेल्वेकडूनही खेळले, आणि काठियावाड नावाचा संघ आज रणजी स्पर्धेत नाही.

बीबीसीनं २०१०च्या फुटबॉल विश्वचषकासाठी खेळाडू, संघ आणि गट यांची पानं याच तंत्रानं आपोआप तयार होतील अशी व्यवस्था केली होती. पण तिथली माहिती ताजी आणि आखीव होती. जुन्या संग्रहात नेमके संबंधच हरवलेले असतात.

कोणते संबंध नोंदवायचे, हे मात्र यंत्र ठरवत नाही. पुण्यात बाळू पालवणकर साहेबांच्या क्लबात खेळपट्टीची देखभाल करत आणि सरावाला साहेबांना गोलंदाजी टाकत. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. त्यांच्यासारख्या दलित कामगाराचं नाव क्लबाच्या सभासदयादीत येण्याचा प्रश्नच नव्हता. सूची करताना ‘सभासद’, ‘कर्णधार’, ‘चषकदाते’ एवढेच रकाने आखले, तर ते आजही बाहेरच राहतील. ‘इथे नोकरीला होते’ हा संबंध ‘कर्णधार होते’ याच्याइतकाच सहज लिहिता येतो. तो रकाना आखायचं कुणाला तरी सुचावं लागतं.

छायाचित्राच्या मागे पेन्सिलीनं लिहिलेलं ‘डावीकडून तिसरे बहुधा अमुक’ यातलं ‘बहुधा’ टिकवणंही तितकंच गरजेचं. विधानासोबत त्याचा आधार आणि खात्रीची पातळी नोंदवता येते. दोन कागद परस्परविरोधी असतील तर दोन्ही ठेवता येतात. ओपनरिफाइनसारखं मोफत सॉफ्टवेअर नावांची यादी विकिडेटाशी ताडून संभाव्य जुळण्या दाखवतं. त्यांतली खरी कोणती, हे ज्याला पेठा आणि घराणी ठाऊक आहेत त्यालाच कळणार.

कुस्तीपाशी आलं की सूचीकारांच्या तयार शब्दसूची अपुऱ्या पडतात. त्यांत ‘प्रशिक्षक’ असतो, ‘क्लब’ असतो. चिंचेची तालीम किंवा खालकर तालीम यांना क्लब म्हणून मोकळं होता येईल, पण वस्ताद म्हणजे निव्वळ प्रशिक्षक नव्हे. तो खुराकावर लक्ष ठेवतो, जोड ठरवतो, आणि पठ्ठ्याची ओळख पुढे ‘अमक्याचा पठ्ठा’ अशीच राहते. निकालाचंही तसंच. चीतपट, गुणांवर आणि बरोबरीत सोडवलेली कुस्ती हे तीन वेगळे शेवट आहेत. ‘विजेता’ एवढ्या एका रकान्यात ते मावत नाहीत. यावर तांत्रिक उपाय सोपा आहे: ‘वस्ताद’ ही स्वतंत्र संज्ञा करायची आणि तिला ‘प्रशिक्षक’ या व्यापक संज्ञेखाली जोडायचं. मग परदेशातला अभ्यासक प्रशिक्षक शोधेल तेव्हा वस्तादही सापडतील, आणि वस्ताद शोधणाऱ्या पुणेकराला फुटबॉलचे प्रशिक्षक चाळत बसावं लागणार नाही.